बुडबुड्यातली चंद्रकळा

"गेला!" नाडगौडासर ओरडले आणि त्या सकाळचा एकविसावा बुडबुडा बर्फावर फुटून चिकट डाग होऊन बसला.

मी त्यांच्या मागे पाच पावलांवर उभी होते. हातमोज्यांत बोटं बधिर झाली होती, नाकातलं पाणी ओठावर येऊन गोठत होतं आणि तरीही मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! लेहपासून तासाभरावरचं ते गाव. उणे सोळा तापमान. सांगलीहून आलेले आम्ही अकरा हौशी फोटोग्राफर आणि आमच्यापुढे बर्फात पोटावर आडवे झालेले आमचे सर. साबणाचा बुडबुडा नळीने फुगवून बर्फावर टेकवायचा. तो गोठायला लागला की त्याच्या अंगावर बर्फाची पिसं चढतात, मागून कोवळं ऊन आलं की ती उजळतात, आणि नेमका तेवढा क्षण टिपायचा. ऐकायला सोपं आहे. पण तीन सकाळी झाल्या होत्या आणि सरांचा एकही बुडबुडा पाच सेकंदांच्या वर जगला नव्हता.

"वारा आहे," सर उठत म्हणाले.

वारा अजिबात नव्हता. आम्ही उतरलो होतो त्या डोल्माच्या घरावरची पताका हलतसुद्धा नव्हती.

"सर, मिश्रण मी करून बघू का?" मी विचारलं. "थोडा पाक घातला तर..."

सरांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. चारचौघांत कुणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय त्यांना शिकवता येत नसे. "रेवती, हा हलवा नव्हे. तुझ्या आईचं, मावशींचं, बरं असतं, परात घेतली, पाक टाकला. इथे विज्ञान लागतं."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची सवय मला चौदा वर्षांची होती.

ही गोष्ट दोन हजार चौदाच्या जानेवारीतली. सरांना तो फोटो का हवा होता तेही सांगते. मार्चमध्ये सांगलीत त्यांच्या पंचवीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन होतं. हॉल ठरला होता, पाहुणे ठरले होते, पत्रिकेचं मुखपृष्ठ तेवढं छापायचं राहिलं होतं. नव्या फोटोसाठी मधली भिंत मोकळी ठेवली होती. त्या भिंतीच्या शेजारी लागणार होता त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो, 'मातृहस्त'. त्याला सुवर्णपदक मिळालं होतं, तो कॅलेंडरवर छापला गेला होता आणि सर 'नाडगौडासर' झाले ते त्याच्याच जोरावर.

तो फोटो मी काढलेला होता.

माझी आई द्वारकाबाई संक्रांतीचा हलवा करते. शेगडीवर परात, परातीत तीळ, आणि तिळांवर थेंब थेंब पाक. बोटांनी हलवत राहायचं, तासन् तास, बोटं भाजतात तरी थांबायचं नाही. मग हळूहळू तिळाला काटा फुटतो. त्याला कोरडी थंडी लागते, आणि वाऱ्याची झुळूकही चालत नाही. दोन हजार साली मी सरांच्या क्लासला जात होते. भोगीच्या पहाटे, आई नुकती उठून परातीशी बसलेली असताना, मी तिचे हात काढले. पांढऱ्या काट्यांत बुडालेली भाजकी बोटं. रोल धुवायला सरांकडे दिला. सर म्हणाले, "रोल बिघडला गं, प्रकाश शिरला." मी रडून मोकळी झाले. सहा महिन्यांनी पेपरात तोच फोटो आला, खाली त्यांचं नाव.

मी घरी येऊन आकाशपाताळ एक केलं. आणि आईने काय करावं? तिने माझ्याच मुस्काटीत मारली.

"सरांवर आळ घेतीस? आले होते की ते कॅमेरा घेऊन, माझ्या डोळ्यांदेखत!"

आले होते, खरंच. दोन दिवस आधी, दुपारी, अख्खा क्लास घेऊन. आईच्या डोक्यात त्यांची ती दुपार आणि माझी पहाट एक होऊन बसली. त्यात सर फ्रेम आणि साडी घेऊन घरी आले, तिच्या पाया पडले आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या हातांनी मला मोठं केलं." माझ्या आईच्या उभ्या जन्मात कुणी तिच्या पाया पडलं नव्हतं. ती विरघळली. तेव्हापासून दर संक्रांतीला ती त्यांच्या घरी स्टीलच्या डब्यातून हलवा पाठवायला लागली. डबा कधी परत आला नाही, ती दर वर्षी नवा घ्यायची. आणि भांड्यांच्या दुकानात बसून त्यावर नाव घालून घ्यायची, 'सौ. द्वारका वेल्हाळ'.

मला पदक नको होतं. पदकाचं मी काय करणार, लोणचं घालणार? मला एवढंच हवं होतं की आईने एकदा म्हणावं, तू खोटं बोलली नव्हतीस. चौदा वर्षं आमच्या घरात हा विषय निघाला की ती पदर खोचून आत जायची, आणि मी दाराबाहेर. मी लग्न करून गेले, तिच्याकडूनच शिकून हलव्याचे दागिने करायला लागले, संक्रांतीच्या दिवसांत आम्ही दोघी एकाच परातीला बसायचो. तेवढा एक विषय सोडून सगळं बोलायचो.

सरांनी लडाखची सहल जाहीर केली तेव्हा मी पहिलं नाव नोंदवलं. आईला अत्यानंद झाला. "आली का अक्कल," म्हणाली, आणि त्या वर्षीचा डबा तिने माझ्याच हाती दिला. चौदावा. तो मी विमानातून मांडीवर घेऊन गेले. सरांनी तो उघडून मूठभर हलवा तोंडात टाकला आणि विचारलं, "अजून काढतेस का फोटो? चांगलं आहे, विरंगुळा असावा." दातांखाली काटे कुडकुड वाजत होते. मी मनात म्हटलं, खा. पोटभर खा.

माझ्या बॅगेत, स्वेटरांच्या मधे, आणखी दोन वस्तू होत्या. आईची काळी चंद्रकळा आणि तिने स्वतःच्या हाताने केलेला हलव्याच्या दागिन्यांचा जोड. मुकुट, हार, बाजूबंद. "तिकडं संक्रांतीला घाल की," आई म्हणाली होती, "फोटो काढून आण." खरं तर दोन्ही मीच तिच्याकडून मागून घेतलं होतं, पण तिला वाटलं तीच देतेय.

एकवीस बुडबुडे फुटले त्या दिवशी दुपारी सरांचं डोकं दुखायला लागलं. उंचीवर होतं तसं. चेहरा उतरला, जेवण जाईना. तरी चहाच्या वेळी त्यांनी लॅपटॉप काढला. त्यांच्या सहलीचा नियमच होता, रोज सगळ्यांनी आपापली कार्डं सरांकडे द्यायची. ते सगळे फोटो उतरवून घेत, 'निवड करायला'. निवडलेले फोटो पुढे कुठे जातात हे कुणी विचारत नसे. मी विचारत नव्हते कारण मला माहीत होतं.

सर झोपायला गेल्यावर मी डोल्माच्या स्वयंपाकघरात शिरले. डोल्मा माझ्याच वयाची, गालांवर लालबुंद डाग, हसायला कधीही तयार.

"दीदी, क्या बनाता है?"

"चाशनी," मी म्हटलं. "साबण का हलवा."

ती चुलीपुढे बसून खो खो हसली. मी पाक केला, हलव्याला करते त्याहून पातळ. त्यात भांडी घासायचा साबण, थोडं ग्लिसरीन. सर ते गरम पाण्यात कालवून तसंच बाहेर न्यायचे, घाईघाईने फुंकायचे. हलव्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही कळलं असतं की पाक निवू द्यायचा असतो. मी वाटी खिडकीबाहेर ठेवली. आणि एक बुडबुडा अंगणात करून बघितला, गोठवण्यासाठी नाही, नुसता बघण्यासाठी. त्यात डोल्माचं घर दोनदा दिसलं. वर सुलट, छोटंसं. आणि खाली उलटं. मी बराच वेळ बघत बसले. मग बुडबुडा फुटला आणि मी आत जाऊन कॅमेऱ्याची बॅटरी पांघरुणात, पोटाशी घेऊन ठेवली.

सकाळी संक्रांत. सर उठले नाहीत. बाकीचे गावापलीकडच्या गोठलेल्या ओढ्याकडे गेले. मी जाकिटावरून चंद्रकळा गुंडाळली, निऱ्याबिऱ्या नाहीत, नुसती छातीवरून घेऊन खांद्यावर पदर. गळ्यात हार, दंडावर बाजूबंद, कपाळावर मुकुट. डोल्माने मला बघून दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"दुल्हन!"

"हमारा त्योहार है. चल, तू फूंक. एकदम धीरे."

सूर्य डोंगरामागून नुकता वर येत होता. डोल्माने नळी बर्फाशी टेकवून फुंकर घातली. बुडबुडा फुगला, संत्र्याएवढा झाला, सुटून बर्फावर बसला. आणि बसून राहिला. मग खालून पहिलं पीस उगवलं. दुसरं. काटे फुटायला लागले, अगदी परातीत फुटतात तसे, फक्त तासांचं काम सेकंदांत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापणीवरच गोठलं. मी गुडघ्यावर बसले. ऊन थेट माझ्या अंगावर होतं. मी बुडबुड्याच्या पार जवळ गेले आणि चौदा फोटो काढले. चौदा, मोजून.

दुपारी मी कार्ड सरांच्या हातात दिलं. ते उशीला टेकून बसले होते. फोटो बघताना त्यांचं डोकं दुखायचं थांबलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"बरे आलेत," ते म्हणाले. "फ्रेम थोडी जास्तच घट्ट झालीये. आणि तुझं प्रतिबिंब आलंय बघ वर. नवशिक्यांची चूक. एरवी..." ते थांबले. "बघू. काही उपयोग होतो का."

"होईल, सर," मी म्हटलं.

मार्चमध्ये पत्रिका आली. मुखपृष्ठावर बुडबुडा. 'हिमपुष्प. छायाचित्रकार: भास्कर नाडगौडा.'

पत्रिका घेऊन मी दिवाणावर बसले आणि हसत सुटले. नवरा घाबरून बाहेर आला.

आईला सरांनी खास आमंत्रण पाठवलं होतं. पहिल्या रांगेत खुर्ची. तिने सरांनीच दिलेली साडी नेसली, आणि रिक्षात मला बजावलं, "आज तरी तोंड वाकडं करू नको."

"नाही करत."

हॉल गच्च भरला होता. मधल्या भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटाची चौकोनी फ्रेम, शेजारी 'मातृहस्त'. सरांनी भाषण केलं. उणे सोळा तापमानात तीन सकाळी पोटावर पडून राहिलो, म्हणाले. ते खरंच होतं. चौथ्या सकाळी निसर्गाने कौल दिला, म्हणाले. मग त्यांनी आईला वर बोलावलं आणि सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. टाळ्या. आईच्या डोळ्यांतून धारा. सरांच्या पत्नी मालतीबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्या मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. ते मी पाहिलं, पण तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं.

मी भिंतीपाशी गेले आणि फ्रेम काढली. चांगली जड होती. कुणीतरी "अहो, अहो" म्हणालं. मी ती खाली टेकवली, फिरवली, खालची बाजू वर केली आणि आईच्या रिकाम्या खुर्चीवर उभी ठेवली.

"आई, खाली ये. चष्मा लाव."

"रेवती, काय चाललंय हे?" सर म्हणाले. आवाज अजून गोड होता.

आई खाली आली, वाकली. बर्फाची पिसं आता वरून खाली लोंबत होती. त्यांच्यामधे बुडबुड्याचा अजून न गोठलेला, काचेसारखा तुकडा होता. मूळ फोटोत वर दिसणारी सुलट बाई सरांनी अगदी सफाईने पुसली होती, तिथे नुसतं आकाश होतं. पण बुडबुड्यात माणूस दोनदा दिसतो. पुढच्या भिंतीवर सुलट आणि मागच्या भिंतीवर उलटा. ही दुसरी बाई उलटी होती म्हणून त्यांना दिसली नव्हती. तिचा काळा पदर त्यांना सावली वाटला होता, आणि तिच्या अंगावरचे पांढरे ठिपके बर्फाचे कण. ते तर त्यांनी आणखी उजळ केले होते.

आईने फ्रेमला नाक लावलं.

"अगं बये," ती म्हणाली. "ही तर तू."

तिने फ्रेमवर बोट टेकवलं.

"माझी चंद्रकळा हाय ही. आणि मुकुट बघ की. उजवीकडचा तुरा कललाय. दोनदा बसवला मी, तरी कललाच होता."

"मावशी," सर पायऱ्या उतरत म्हणाले, "तो बर्फ आहे. बर्फाचे कण असतात, प्रकाश पडला की तसा भास..."

आईने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"बर्फ? सर, माझा काटा मला कळत नाही होय?"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. माझ्या बरोबर सहलीला आलेले पुढे सरकून बघायला लागले. "अरे, चौथी सकाळ म्हणजे संक्रांत, तेव्हा सर तर आजारी होते ना," एक जण म्हणाला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. सर म्हणाले, कार्डांची सरमिसळ झाली असेल, सहलीत होतं असं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी तो घाम डोळे भरून पाहिला. मला वाईट वाटायला हवं होतं म्हणे. नंतर पुष्कळांनी सांगितलं, एकांतात बोलायचं होतंस, म्हातारा माणूस आहे. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. हलव्यावर नाव कमावलेल्या माणसाला हलवा ओळखता आला नाही, यात माझा काय दोष?

आई मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. ती 'मातृहस्त'कडे बघत होती. आपल्याच हातांकडे.

"आणि ते?" तिने मला विचारलं.

"ते पण," मी म्हटलं.

तिने पदर सारखा केला आणि ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, माझे डबे परत पाठवा. चौदा आहेत. सगळ्यांवर माझं नाव घातलंय, शोधायला त्रास पडायचा नाही." ती दाराकडे निघाली, मग वळली. "रिकामे चालतील."

बायका चपापल्या. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं घरात तर चिमूटभर साखर तरी घालतात. रिकामा डबा मागून घेणं म्हणजे त्या घराशी काही उरलं नाही असं चारचौघांत सांगणं. इतकी वर्षं मी सुडाच्या नाना तऱ्हा रचल्या होत्या, त्यातली एकही इतकी जहाल नव्हती.

 घरी येऊन आईने ती साडी बदलली, घडी करून बोहारणीच्या गाठोड्यात टाकली आणि चहा टाकला. माझ्याबद्दल, त्या थपडेबद्दल, काही नाही. मी जिंकले होते, पण हवं ते अजून मिळालं नव्हतं.

आठ दिवसांनी रिक्षावाला एक पोतं ठेवून गेला. आईने जमिनीवर बसून एकेक डबा काढला. रिकामा. रिकामा. घासून लख्ख केलेले, तेरा रिकामे डबे. चौदावा हलवल्यावर आत काहीतरी सरकलं.

आत बटरपेपरची पुडी होती. पुडीत निगेटिव्हची पट्टी. चिठ्ठी नव्हती, पण ही मालतीबाईंची कामगिरी हे सांगायला चिठ्ठी कशाला हवी होती?

मी पट्टी खिडकीशी धरली. सहा फोटो. चौथा आईच्या हातांचा. पाचवाही आईचा, तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं, हसत होती, काहीतरी ओरडत होती.

"दाखव," आई म्हणाली. निगेटिव्हमधलं तिला उमजेना, म्हणून मी मोबाइलवर फोटो काढून रंग उलटे करून दिले. ती बघत राहिली. पहिल्यांदा मला वाटलं, तिला काही दिसतच नाहीये.

"केस मोकळे हायत माझे," ती म्हणाली.

"हो. नुकती उठली होतीस."

"परक्या माणसापुढं मी अशी बसले असते होय?" तिचा आवाज फाटला. "कधी बसले असते? हातांचा फोटो काढणारं माणूस समोर असताना केस मोकळे? चौदा वर्षं फ्रेम घरात टांगली होती, तीत डोकं दिसत नव्हतं म्हणून... मला एवढं सुचू नये?"

ती रडली. मीही. मग तिने माझा गाल चाचपला, उजवा, जिथे ती थप्पड बसली होती तिथेच. तिची भाजून भाजून खरखरीत झालेली बोटं गालाला लागली. "लागलं होतं का गं?" तिने विचारलं. जसं काही मघाशी मारलं होतं.

"लागलं होतं," मी म्हटलं.

 मग तिने नाक पुसलं, चौदाही डबे फडताळात मांडले, आणि तो चौदावा पुन्हा बाहेर काढून खालीवर बघितला.

"येत्या संक्रांतीला ह्यातनं हलवा पाठवायचा," ती म्हणाली. "मालतीबाईंना. तू स्वतः जा घेऊन, आणि दारातच बजाव, ह्यातला एक दाणा सरांना द्यायचा नाही."